वश्या, आभाळ मी कापलं

दोन हजार चोवीस साल सरत आलंय आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. वश्या, तू माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. तेवढंही मला जन्मभर खुपलं. आता पुढच्या वर्षी मी पंचाहत्तर होईन आणि तू चौऱ्याहत्तरावरच राहशील. एका गोष्टीत तरी तुला मागे टाकीन म्हणतो.

लिहायची मला सवय नाही. चौथीत दप्तर ठेवलं ते ठेवलं. कणकवलीच्या स्टुडिओत पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि 'बुधवारी येणे' एवढंच लिहीत आलो. पण तुझ्याशी बोलायचं राहिलंय. भांडण चालू असताना मध्येच उठून जायची तुझी खोड जुनीच.

आणि गेलास तोही कसा! दिवाळी उलटली, संध्याकाळी कपभर चहा प्यायलास, वैनीला "जरा पाठ टेकतंय" म्हणालास आणि आटोपलं. ना दवाखाना, ना सलाईन. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. मी तुझ्या उशाशी बसून मनात म्हटलं, हेसुद्धा यालाच मिळालं. मला दम्याने रात्र रात्र बसवून ठेवलंय आणि हा चहा पिऊन गेला. तुझ्या एसटीतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर कुठून कुठून आले होते. मी गेलो तर कोण येणार? ज्यांचे पासपोर्ट फोटो काढले ते? मला त्यांचे चेहरे आठवतात, त्यांना माझा आठवत नसणार. फोटो काढताना मी काळ्या कापडाआड नाहीतर कॅमेऱ्याआड.

तुझं बारावं झालं आणि सुषमा माझ्याकडे आली. तुझी मुलगी म्हणून नाही सांगत, पण पोर गुणी आहे. शाळेत शिकवते, म्हाताऱ्या माणसाशी बोलताना खुर्चीत मागे टेकत नाही. म्हणाली, "काकानू, बाबांच्या फोटोंचा प्रदर्शन लावतंय. कणकवलीत, आमच्या शाळेच्या हॉलात."

"लाव की. माका कित्याक विचारतंस?"

"सगळे फोटो बाबांनीच कापलेले आसत. एकच रवलो. शेवटचो. तो त्यांनी कापूक नाय. तुमी कापशात?"

पासपोर्टचं काम सोडलं तर जन्मात मी कधी फोटोच्या कडा कापल्या नाहीत, हे तिला ठाऊक. त्याच्यावरून तू आणि मी वर्षानुवर्षं कसे भांडलो, तेही ठाऊक. तुझा फोटो, तुझं प्रदर्शन, तुझं नाव. आणि कापायला मी. नाही म्हणणार होतो. पण नाही म्हटलं असतं तर तिने तो कणकवलीतल्या कुठल्या तरी डिजिटलवाल्याकडे दिला असता, आणि त्याने आभाळाला आणखी लाल रंग फासून दिला असता. म्हटलं, "बघतंय."

धुसफूस कुठून सुरू झाली ते आठवतंय तुला? तू नोकरी संपवून घरी आलास. तीस वर्षं घाटातली गाडी चालवून हात रिकामे झाले होते. माझ्या स्टुडिओत येऊन बसायचास, पेपरातलं कोडं अर्धं सोडवून टाकून द्यायचास. एक दिवस काचेच्या कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा मागून घेतलास. तो धरायचा कुठून, बोट कुठे ठेवायचं, श्वास कधी रोखायचा, सगळं मी दाखवलं. आणि संध्याकाळी तुला आपल्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, नेलं तेही मीच.

नांदगाव स्टेशनच्या वरच्या अंगाचा तो सडा मी तुझ्या आधी शोधला होता. काळा कातळ, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि समोर पूर्वेला सह्याद्रीची भिंत. सूर्य आपल्या पाठीमागे समुद्रात उतरतो. तो बघायला माणसं मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गर्दी करतात. आपण दोघेच त्याच्याकडे पाठ करून उभे. तो बुडाला की डोंगराची वेळ सुरू. आधी विटेचा रंग, मग वांग्याचा, मग चुलीतल्या धुराचा. तेवढ्यात जो काय फोटो व्हायचा तो होतो. मी स्टँड लावून, पाण्याच्या बाटलीने पातळी बघून, खाली एक भाग जमीन आणि वर दोन भाग आभाळ असा जुळवून, वाट बघून एक फोटो काढायचो. मी जिथे काम शिकलो त्या स्टुडिओच्या मालकाने तसं शिकवलं होतं. रीळ महाग होतं तेव्हाची शिस्त. कॅमेऱ्यात जे दिसेल ते कागदावर आलं पाहिजे, पुरं. नंतर कापायला लागलं म्हणजे काढणारा चुकला.

आणि तू? माझ्या मागे कुठेतरी उभा राहून खटाखट काढायचास. वाकडे. विजेचा खांब आत, स्वतःच्या मोटारसायकलचं हँडल आत. पहिल्या आठवड्यातले तुझे प्रिंट बघून मी पोट धरून हसलो. मग तू माझ्या टेबलावरचे ते पुठ्ठ्याचे दोन काटकोन उचललेस. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून मी कापलेले. फोटोवर ठेवून सरकवले की चौकट लहानमोठी होते, कुठे कापायचं ते दिसतं. मी ते पासपोर्टच्या कामाला वापरायचो. तू ते डोंगरावर ठेवलेस आणि सरकवत गेलास. वरून, खालून, डावीकडून. शेवटी जे उरलं ते बघून माझं हसू गेलं.

नुसता डोंगर होता. कडेवर एक उजेडाची रेघ आणि खाली अंधार. माझ्या सगळ्या आयुष्यात मला तसा डोंगर मिळाला नव्हता. आणि तो मी त्याच संध्याकाळी, त्याच सड्यावर, तुझ्यापुढे उभा राहून बघितला होता.

"कापलंस कित्याक?" मी ओरडलो. "काढतानाच नीट बघूचा ना!"

"काढताना घाई असता."

"मगे तो फोटो काय कामाचो? अर्धो टाकलंस तू."

"अरे, मासो काय काट्यांसकट गिळतंस काय रे तू?" असं म्हणून हसलास. वर म्हणालास, "तुझ्या फोटोत आभाळ बघ कितक्या! विकूक काढलंस काय?"

त्या दिवसापासून मी तुझा द्वेष केला. शब्द मोठा आहे, पण दुसरा मला सापडत नाही. तुझ्याबरोबर चहा प्यायलो, तुझ्या घरच्या गणपतीला आलो, वैनीच्या हातची सोलकढी मागून मागून प्यायलो, आणि रोज संध्याकाळी मनात म्हटलं, आज याचा फोटो बिघडू दे. बिघडायचाच. तुझे सगळेच बिघडलेले असायचे. मग घरी जाऊन कापायचास आणि सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवायचास. तोंड न उघडता. ते न बोलणं तर जास्तच झोंबायचं.

एकदा विचारलं तुला, शिकलास कुठे म्हणून. कॅमेऱ्याच्या मागून डोकं बाहेर न काढता म्हणालास, "तीस वर्सां गाडीच्या काचेतसून बघलंय. घाटात आभाळ कोण बघता? वळणार पुढे काय येता तेवढा बघूचा, बाकीचा सोडूचा."

मी म्हटलं, ही काय विद्या झाली? पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी डोळ्यांसमोर एसटीची काच आणून बघितली. बघितली आणि कूस बदलली.

आणि ते कॉलेजातले सर आठवतात? माझ्या दुकानात आले, भिंतीवरचा तुझा फोटो बघून हात जोडले मला. "काका, काय डोंगर टिपलाय तुम्ही! त्याला नजर असावी लागते हो." तू बाकावर बसला होतास, कोड्यात डोकं घालून. एक शब्द बोलला नाहीस. मीच म्हटलं, "माझा नव्हे तो. ह्याचा. ड्रायव्हर होता हा." ते सर तुझ्याकडे वळले आणि मी आत जाऊन उगीच नळ सोडून उभा राहिलो. तू गप्प राहून घातलेली भीक नको होती मला. पण मी आत का गेलो ते तुला कळलं असणार. बाहेर आलो तर माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होतास. तो चहा मी गार होऊ दिला.

असो. आता सुषमाने दाखवलं ते सांगतो.

शेवटचा फोटो बघायचा तर लॅपटॉपवर बघा म्हणाली. तुमच्या घरी गेलो. वैनी पडवीत कोकमं निवडत बसल्या होत्या, मला बघून उठल्या नाहीत, नुसतं "येवा भावोजी" म्हणाल्या. तू असताना पण त्या एवढंच म्हणायच्या, पण तेव्हा हात थांबायचे नाहीत. आता थांबले.

सुषमाने मशीन चालू केलं आणि तुझे मूळ फोटो उघडले. न कापलेले. मी ते कधी बघितले नव्हते. तू मला कापलेलेच दाखवायचास. पहिला उघडला. खांब, तारा, गवत, डोंगर, आणि डावीकडे एक म्हातारा. पाठमोरा, वाकलेला, टोपी घातलेला, पुढ्यात स्टँड. दुसरा उघडला. तोच म्हातारा. तिसरा. पावसाआधीचा, मळभ आलेला. म्हातारा छत्री घेऊन. थंडीतला. म्हातारा मफलर गुंडाळून.

"हे सगळ्यात मी आसंय?" मी विचारलं.

"सगळ्यात," सुषमा म्हणाली. हसू दाबत होती. "बाबा कापताना बोलत, ह्या म्हाताऱ्याक भायर काढल्याशिवाय डोंगर काय येणा नाय."

वश्या, शिरा पडो तुझ्या तोंडार.

सड्याच्या टोकाची ती जागा माझी होती. पहिल्या दिवशीच तुला सांगितलं होतं, इथे मी उभा राहणार. तिथून डोंगर मोकळा दिसतो, मध्ये काही येत नाही. तू कुरकुर केली नाहीस. मागे जाऊन उभा राहिलास. मी दोनतीनदा हटकलंसुद्धा, "माझ्या मागे रवान माझा बघून काढतंस काय?" तर म्हणालास, "तुझी पाठ बघूक बरी गावता हयसून." मला वाटलं, थट्टा. खरंच पाठ दिसत होती तुला. दर संध्याकाळी. माझी पाठ घेऊन घरी जायचास आणि काटकोन सरकवून मला बाहेर काढायचास. ज्या डोंगरासाठी मी तुझ्यावर जळलो, तो डोंगर मला वजा करून झालेला होता.

मी सुषमाला म्हटलं, "पुसून टाक हे. कापलेले आसत मां तुझ्याकडे?"

"बाबा पुसूक देत नव्हते. मशीन भरान गेला, दोनदा बंद पडला, तरी एक पुसूक देवक नाय."

ह्याचा अर्थ मी लावत बसलो नाही. तू कधी काही पुसू देत नव्हतास, मोटारसायकलच्या जुन्या नळकांड्यासुद्धा खोलीत ठेवल्या आहेस.

मग शेवटचा उघडला. तू जायच्या आधीच्या आठवड्यातला. हवा धुतल्यासारखी होती त्या दिवशी, डोंगराच्या घळी मोजता येत होत्या. आणि आभाळ, वश्या! खाली अबोली, वर निळं, मध्ये एक ढग कडेने पेटलेला. मी काढलेल्या फोटोतसुद्धा ते तसंच आलंय. आणि डावीकडे, नेहमीच्या जागी, मी. पण या वेळी सरळ उभा. खांद्यात ताठ.

"चार दिवस टेबलार घेवन बसले," सुषमा म्हणाली. "काटकोन लावीत, काढीत. मगे माका म्हणाले, रवांदे."

लहान प्रिंट घेऊन मी घरी आलो. काटकोन सुषमाने पिशवीत घातले होते, पुठ्ठ्याच्या कडा तुझ्या बोटांनी काळ्या झालेल्या. कंदिलासारखा बल्ब ओढून घेतला आणि बसलो. म्हटलं, तू मला एवढी वर्षं कापलंस, आज कात्री माझ्या हातात आहे. मी राहणार. तुझ्या प्रदर्शनात, हॉलच्या मधोमध, माणसाएवढा. कोण मला काढतो बघू.

पण नजर लबाड नाही ना होत. पुरा फोटो ठेवला तर माणसं आधी मला बघणार, मग ढग बघणार, आणि डोंगर नुसता पडदा होणार, माझ्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखा. मग मला काढून बघितलं. डावा काटकोन आत सरकवला. मी गेलो, पण डोंगराची सोंड नेमकी माझ्या डोक्यावरूनच खाली उतरत होती. मी गेलो तर तीही गेली. डोंगर लंगडा झाला. खालून कापून बघितलं, तर माझं नुसतं डोकं राहिलं, कातळावर कुणी नारळ ठेवावा तसं. एकटा बसून हसलो. तू पण हसला असशील या ठिकाणी.

म्हणजे तुलाही जमलं नव्हतं. ते कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चार दिवस बसलास आणि सोडून दिलंस. मी काटकोन बाजूला ठेवून पेज प्यायलो.

पेज पिताना ती संध्याकाळ आठवली. मी स्टँडवर वाकलो होतो, तू मागून म्हणालास, "जना, सरळ उभो रव. हलू नको."

इतक्या वर्षांत मला कधी असं म्हणाला नव्हतास. मी हललो काय, बसलो काय, तुझं काय जात होतं? सड्यावर त्या वेळी साप-जनावर फिरतं. मी विचारलं, "कित्या रे? पायाकडे जनावर आसा?" खट् असा आवाज आला, पुन्हा आला. मी लाकडासारखा उभा. मग म्हणालास, "गेला." मी पायाखाली बघितलं, गवत बघितलं, काही नव्हतं. घरी येताना तुला किती शिव्या घातल्या! तू मोटारसायकल चालवत होतास, हसत होतास की नाही ते मागे बसून मला दिसलं नाही.

मी पेजेचं ताट तसंच ठेवलं आणि पुन्हा बसलो.

तुला मी फोटोत हवा होतो. निदान त्या एकात. आणि ठेवायचा कसा ते तुला सापडलं नाही, कारण तू त्या आभाळाच्या नादाला लागलास. तू! मला आभाळावरून बोल लावणारा! असं आभाळ कुणाला टाकवेल? तो ढग मला पण टाकवत नव्हता. अख्खा जन्म मी आभाळाला दोन भाग देत आलो. मी वरचा काटकोन धरला आणि खाली आणत गेलो. ढग गेला. अबोली गेली. डोंगराच्या माथ्यावर बोटाएवढी उजेडाची पट्टी राहिली तिथे थांबलो. मग उजवीकडून थोडं, खांबापुरतं.

आता डोंगर कडेपासून कडेपर्यंत भरला. मी त्याच्या सोंडेच्या पायथ्याशी बारका, काळा, ताठ. मला बघून नजर डोंगरावर चढत होती. उतरत नव्हती. पेन्सिलने रेघ मारली.

सुषमाने रेघ बघितली. डोळे पुसले. मग म्हणाली, "काकानू, बाबांनी अस्सोच कापलो असतो."

त्याने नाही, मी कापला, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पोर रडत होती, म्हणून गिळलं.

प्रदर्शनाला मी नवीन सदरा घालून गेलो. तो फोटो मधल्या भिंतीवर होता, दाराएवढा. खाली पांढऱ्या कार्डावर छापलेलं तुझं नाव. माणसं येत होती, थांबत होती. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "तो म्हातारा बघा किती शांत उभा आहे, देवापुढे उभा राहावा तसा." जनावराच्या भीतीने उभा होता तो, बाई. तेच कॉलेजातले सर पण आले होते, आता पार पिकलेत. चारचौघांना समजावत होते, "आभाळ टाकायला धाडस लागतं. संध्याकाळचा फोटो आणि आभाळ नाही! वसंतरावांनाच हे सुचू शकतं." माझ्या शेजारी उभे राहून. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचे मित्र फार मोठे होते, काका."

होतास. माहीत आहे मला. यांच्या आधीपासून माहीत आहे. तुझे बाकीचे सगळे फोटो तुझे आहेत, मी त्यातल्या एकावरही बोट ठेवत नाही. त्या हॉलात मी एकेकापुढे उभा राहिलो आणि एकेकापुढे जळलो. आणि तू तिथे माझ्या मागे उभा राहून मला बघायला हवा होतास, त्याशिवाय जळण्यात काही राम नाही हेही कळलं. पण हा एक तुझा एकट्याचा नाही. काढलास तू, कापला मी, आणि आत उभा पण मीच.

रात्रभर झोप नाही. दमा नव्हता, हेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने कणकवलीला गेलो. हॉल उघडला होता, एक बाई झाडू मारत होती. मी मधल्या फोटोखाली खुर्ची ओढली, चष्मा लावला, खिशातलं काळं पेन काढलं.

"ओ आजोबानू, थयसर काय लिवतास? सुषमाबाईनी कोणाक हात लावूक देव नको सांगल्यानी."

"माझाच काम आसा ता. तू झाडू मार."

"तुमी कोण?"

मी वरच्या फोटोकडे बोट केलं. तिने वाकून बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि झाडू घेऊन दुसऱ्या भिंतीकडे गेली.

कार्डावर 'कापला जनार्दनने' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खाली जागा नव्हती, म्हणून तुझ्या नावाला लागूनच लिहिलं.